रंभाकडे ठेवलेली पुतळ्यांची माळ

कोलशेतच्या शकूला प्रश्न पडायचे, आणि एकदा पडले की ती कुणाचा पिच्छा सोडायची नाही. खाडीकाठच्या मिठागरात लहानपण गेलं, शाळा दुसरीतच सुटली. पण बातम्या लागल्या की म्हातारी टीव्हीपुढे सरकून बसायची आणि नात निशा ऑफिसातून येईपर्यंत दोन-तीन शंका तयार ठेवायची. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पिळून निघालेली निशा चपला काढायच्या आत पहिली शंका येऊन थडकायची.

यंदा दिवाळी सरता सरता शंका सोन्याची होती.

"निशा, देशाचा सोना वारला म्हनतान. कुठं सापरला गो?"

"सापडलं नाही गं आजी. वजन जवळजवळ तेवढंच आहे, आठशे ऐंशी टनांच्या आसपास. भाव वाढला म्हणून किंमत वाढली."

"मंग तो वरचा पैसा कुनी खाल्ला?"

"कुणी नाही! सोनं विकलंच नाही तर पैसा येणार कुठून? रिझर्व्ह बँक ती वाढ नुसती बाजूला मांडून ठेवते. खर्चाला काढत नाही."

शकूला हे फारच नवलाचं वाटलं. कुणी बोट लावलं नाही, एक गुंज भर पडली नाही, आणि देश बसल्या जागी श्रीमंत! विकलं तर पैसा, पण मग सोनं नाही. ठेवलं तर सोनं, पण मग पैसा नाही. भाकऱ्या थापतानाही तिच्या डोक्यात तेच चाललं होतं.

जेवताना निशाने आणखी सांगितलं. एक्क्याण्णव साली देशावर वेळ आली तेव्हा सोनं विमानात घालून परदेशात गहाण टाकलेलं. एरवीही आपलं बरंच सोनं लंडनला ठेवलेलं असायचं, आता टनांनी परत आणलंय. शकूचा घास हातातच राहिला. कारण तिचंही सोनं त्याच साली परगावी गेलं होतं, आणि हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या साली तिच्या नवऱ्याने, राघोने, जमीन विकली. हातात पैसा खुळखुळायला लागला आणि राघो बाटलीला लागला. पैसा संपला तसा एकेक दागिना घराबाहेर पडायला लागला. तेव्हा एका दुपारी शकूने एकवीस पुतळ्यांची माळ खणात बांधली, आंबिवलीला थोरल्या बहिणीकडे, रंभाकडे गेली आणि म्हणाली, "याच्या हाती लागू देव नको." पुढे राघोची दारू सुटली, तो गेलाही, माळ मात्र तिथेच राहिली. आधी भीतीपोटी, नंतर सवयीने. आता रंभाने पंचाहत्तरी ओलांडलेली. तिच्या मुलांना त्या माळेचा पत्ता तरी होता का? उद्या तिने डोळे मिटले तर माळ कुणाची? आणि तोळा लाखाच्या वर गेल्यावर मागायला जावं, तर बहीण काय म्हणेल?

"निशा, आपला सोना परत मांगला तं लंडनवाल्यांना राग नाय आला?"

"आजी, ती बँक आहे. बँकेला कसला राग?"

"तेच तं," शकू म्हणाली. "बँकेला बहीन नसते."

मग तिने निशाला सगळं सांगितलं. रविवारी निशाने तिला गाडीत घालून आंबिवलीला नेलं.

रंभाच्या ओटीवर शकूने तासभर गुडघ्यांपासून सुकटीपर्यंत सगळे विषय काढले, माळेचा सोडून. शेवटी रंभाच उठली, आतून खणाची पुरचुंडी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"भाव ऐकून आलीस ना?"

शकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बोटं मेली मोजायला लागलीच. एकवीस भरल्या. पण एकोणीस पुतळ्यांवरची लक्ष्मी झिजून गुळगुळीत झालेली, आणि उरलेल्या दोन पुतळ्यांवरच्या लक्ष्मीला मात्र नाक-डोळे होते.

"या दोन नव्या कशा गो?"

"तुजे भावजी दवाखान्यात व्हते तवा दोन विकल्या," रंभा म्हणाली. "तोला सहा हजार व्हता. म्हटला, भाव उतरला का घालीन. दर दिवालीला वाट बघली. तो मेला वरच चरला! शेवटी यंदा घातल्या."

"मंग मना सांगायचास. तवाचे पैसे दिले असतेस तरी चालला असता."

"पैसे?" रंभा भडकली. "पैसे ठेवलेलेस माज्याकरं? सोना ठेवलेलास ना?"

त्यांच्यात हे असंच चालत आलेलं. बायकांनी एकमेकींकडे ठेवलेलं सोनं सोन्यानेच परत जायचं, तेवढ्याच वजनाचं. मधल्या काळात भावाने काय दिवे लावले ते कुणी विचारायचं नाही. दोन पुतळ्या विकून रंभाच्या हाती जे आलं होतं, त्याच्या कितीतरी पट तिने यंदा मोजलं असणार.

"कशातून घातल्यास या?"

रंभाने पदर कानांवरून पुढे ओढला. शकूने तो हाताने बाजूला सारला. रंभाच्या कानांत कुड्या नव्हत्या. भोकं बुजू नयेत म्हणून कडुनिंबाच्या काड्या घातलेल्या होत्या.

आपण हिच्यासमोर बसून पुतळ्या मोजल्या, या लाजेने शकूला रडूच कोसळलं. तिने स्वतःच्या कुड्या काढल्या, बहिणीचं डोकं मांडीकडे वळवलं आणि एक काडी उपसून तिथे कुडी घातली.

"अगो, सोर! माज्याहून वजनाला जर हायत या तुज्या!"

"र्‍हाऊ दे. जास्तीचा सोना भाव उतरला का परत दे."

रंभा हसायला लागली. हसता हसता तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं, आणि शकूने दुसऱ्या कानातली काडी ओढली.