सेंदायने उभा केलेला यहूदा
नावोतासच्या कोळीवाड्यात ईस्टरचा यहूदा दरवर्षी सेंदायच बनवायची. येशूला विकणारा तो दगाबाज. पहाटेची मिरवणूक संपली की त्याच्या पुतळ्याला चौकात लटकवायचं आणि पोटातले फटाके पेटवायचे. बाई भंगारवाली, पण हातात जादू. फुटक्या बादलीचं पोट, पंख्याच्या जाळीच्या बरगड्या, बाटल्यांच्या बुचांचे दात. आमच्या गल्लीत कुठला कचरा कुणाचा, हे शेंबडं पोरही ओळखतं. म्हणून प्रत्येक घरातली एकेकच वस्तू घ्यायची, असा तिच्या आईचा दंडक होता. यहूदा सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही.

यंदा तिने तो दंडक मोडला. दोन महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी तिच्या मुलाला, रोडेलला, दारातच गोळ्या घातल्या. पोर भाताच्या ताटावरच कोसळलं. तो नशेच्या पुड्या विकतो ही चहाडी पोलिसांकडे गल्लीतल्या तास्योने केली, अशी कुजबुज होती. पुरावा काडीचा नव्हता, पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? सेंदायने तास्योच्या उकिरड्यावरून त्याची तुटकी चप्पल, फाटकं बनियन, त्याच्या तीनचाकी सायकलची सीट उचलली आणि अख्खा यहूदा त्यातूनच उभा केला. तिला तो जळताना बघायचा होता.

दोर वर ओढला तशा सगळ्यांच्या माना वर गेल्या.

"अगं बाई, हा तर तास्यो!" मासळीवाली एस्तेर ओरडली.

"मग खरा समोर असताना खोटा कशाला जाळता?" मागून कुणीतरी म्हणालं.

तास्यो मेणबत्ती घेऊन गर्दीतच उभा होता. पहिला दगड कपाळावर बसला. मग लाथा, बांबू, होडीचं वल्हं. त्याचे दात फुटताना सेंदायने ऐकले.

"मावशी, मी नाही! आईशप्पथ, मी नाही!" रक्ताने माखलेला तो तिच्याकडेच सरपटत आला. क्षणभर तिला गोड वाटलं, खोटं कशाला बोला.

मग तिने त्याच्यावर अंग टाकलं. "सोडा रे, मेल्यांनो! कुणी केलं ते मला तरी कुठे ठाऊक आहे?"

एक बांबू तिच्या पाठीत बसला, दुसऱ्याने मनगट कटकन मोडलं. तेव्हा कुठे हात थांबले.

तास्यो वाचला, डावा डोळा गेला. त्याला उचलून नेताना त्याची बायको सेंदायपाशी थांबली.

"तुमच्या रोडेलबद्दलही लोक असंच कुजबुजायचे, मावशी," ती म्हणाली. "आम्ही नव्हता विश्वास ठेवला."

सेंदायला तिच्याकडे बघवेना.