इम्रानच्या व्हिसाची अकरा पानं

स्टेशनजवळ माझ्या भावाचं, सचिनदादाचं, ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मिरची वाळवायच्या पथारीवर कशी मिरची साठते ना, तसे तिथे किस्से साठतात. शिंकल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही!

सध्याचा ताजा माल म्हणजे इम्रान. वेल्डर, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला आखातात काम मिळतंय. शुक्रवारपर्यंत इंग्लिश कॉन्ट्रॅक्टवर सही केली तर व्हिसाचा अर्ज पुढे जाणार, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि अकरा पानांत लिहिलंय काय, ते कोणालाच कळेना!

*

मी मोबाइलवर मराठी भाषांतर काढलं. मोठ्यानं वाचलं, "परिवीक्षा कालावधीत नियोक्ता एकतर्फी समाप्ती करू शकेल."



इम्रान म्हणाला, "आता याचं मराठी कर ना!"

*

सचिनदादा म्हणजे सरकारी फॉर्मचा किंग. कागद दिसला की फोटो चिकटवतो. त्यानं अकराच्या अकरा पानांवर इम्रानचे फोटो चिकटवले आणि ती पानं नोकरी लावणाऱ्या सुरतच्या एजंटला दाखवायला व्हॉट्सअ‍ॅप केली.

लगेच फोन! "भाई, ये काँट्रॅक्ट है या शादी का अल्बम?"

सचिनदादा चिडला, "मन्हं काय चुकनं? फोटो नसला तं फॉर्म रिजेक्ट होस!"

परत अकरा प्रिंटा.

*

मग मला दिसलं, वेल्डर कुठेच नाही! लिहिलंय 'जनरल वर्कर'. एजंट म्हणे, "तिकडे गेल्यावर बदलतात. सगळे सही करतात."

इम्रानची अम्मी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "निकाह में भी तीन बार पूछते रे! इसमें एकही बार?"

*

गुरुवारी जात्र्यादादा आले, आधार अपडेट करायला. धडगावकडचे मुकादम. दरवर्षी गावातली माणसं ट्रकमध्ये भरून गुजरातला ऊसतोडीला नेतात. तोच ट्रक त्यांना परत आणतो. सही येत नाही, अंगठा उठवतात.

इम्रान पेन उघडून बसलेला. दादांनी विचारलं, "जावानी गाडी लिखेल शे?"

"हो, विमानाचं तिकीट. पान चार," मी म्हटलं.

"आनि येवानी?"

आम्ही अकरा पानं चाळली. उलटीकडून चाळली. दोन वर्षं पुरी केली तर परतीचं तिकीट. मधेच यायचं झालं तर? एक ओळ नाही!

इम्राननं स्पीकरवर एजंटला विचारलं. एजंट हसला, "अरे, अभी गया नहीं और आने का पूछता है?"

जात्र्यादादांनी इम्रानच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि स्वतःच्या खिशाला अडकवून म्हणाले, "चाल, चहा पाज!"