सुटले

ताडकळसच्या कडूबाई नाटक पाहायला परभणीला आल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्याचं नाव ताडकळसातही कुणाला आठवत नव्हतं. ग्यानबा एकेकाळी कथा लिहायचा, मासिकांत छापूनही यायच्या. पुढं दारूनं त्याला धरलं. नशेत त्यानं दारूचंच दुकान फोडलं, मालकाचं डोकंही फोडलं आणि जेलात गेला. कडूबाईंनी मेंढरं राखून घर चालवलं.

आमच्या नाट्यमंडळाचे लेखक, दिग्दर्शक आणि डोकेदुखी म्हणजे दिनकरराव. त्यांनी ग्यानबावर नाटक लिहायला घेतलं. ताडकळसला जाऊन कडूबाईंना भेटले आणि एका कपभर चहात सगळं आयुष्य कळल्यासारखे परत आले. ग्यानबाचं काम मला दिलं, कारण मी पाप्याचं पितर. दारुडा दिसायला रंग लावायची गरज नाही. नामांतराच्या मोर्चांमुळे खेळ पुढे ढकलला जात होता, तो अखेर सत्त्याऐंशीत लागला.

तिसऱ्या अंकात ग्यानबा दारू सोडून, जेलातून सुटून घरी येतो. मी दारातून आत आलो आणि पहिल्या रांगेतल्या कडूबाई उभ्या राहिल्या. पदर सावरला. मागचे लोक बसा म्हणाले तरी बसेनात. मी वाक्यच विसरलो.

पडदा पडल्यावर त्या आत आल्या. माझ्याकडे, दिनकररावांकडे, पुन्हा माझ्याकडे पाहत राहिल्या.

"साहेब, ते घरी आले, हे तुमाला कुनी सांगितलं?"

दिनकरराव गोंधळले. "अहो, तुम्हीच म्हणालात की. जेलात होते, मग सुटले."

"सुटले म्हंजी वारले, साहेब."

कडूबाई खाली बसल्या.

"माजं बी असंच झालं व्हतं. शिपाई सांगून गेला, ग्यानबा सुटला. मी भाकरी टाकल्या, येष्टीच्या फाट्यावर जाऊन बसले. मागून गावानं बांगड्या फोडल्या, पर मयत मला कुनी दावलं न्हाई. तवापसून वाट बघायलेय. आज वाटलं, तुमी शिकलेली मानसं, तुमाला खरं गावलं आसंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्यानबाचं धोतर अंगावर ठेवावं की बदलावं, तेही कळेना. दिनकररावांनी कधी नव्हे ते हात जोडले. "उद्यापासून शेवट बदलतो."

"बदला की. खरं ते दावा," कडूबाई म्हणाल्या. "पर मला बोलवू नका. मी त्यास्नी घरी आलेलं पाह्यलंय."