लंबकाच्या प्रयोगात माझ्या घराचा नंबर

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितेय, मन अजून कॉलेजच्या लॅबमध्येच आहे.

दुपारी माझी विद्यार्थिनी रेखा हिचं फिजिक्सचं रेकॉर्ड, म्हणजे प्रयोगवही, तपासत होते. लंबकाच्या प्रयोगातला शेवटचा आकडा म्हणजे आमच्या जयनगरच्या जुन्या घराचा नंबर! याच कॉलेजात शिकताना, प्रयोग न करता मीच तो माझ्या रेकॉर्डमध्ये ठोकून दिला होता.

"कुठून उतरवलंस?"

"सीनियर अक्काच्या रेकॉर्डमधून, मॅडम. तिनं तिच्या सीनियरच्या."

रागवायला तोंडच उरलं नाही. तिला खरं सांगितलं आणि दोघींनी लंबक सोडला. तिरप्या उन्हात तो संथ झुलत राहिला, आम्ही कुजबुजत झोके मोजत राहिलो.

आकडा भलताच आला. तिनं तोच लिहिला.

इतकी वर्षं किती वह्यांत मी माझ्याच थापेवर 'बरोबर'ची खूण केली असेल? तुमची एखादी थाप अजून कुणाच्या वहीत फिरतेय का?