तुळशीभोवतीचा काळा कडप्पा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. अक्कापाशी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीपाशी, तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या बागांचं कौतुक ऐकलं असेल — आणि ते कौतुक आता माझ्या घशाखाली उतरत नाही.

विसरायचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मी बागा आखतो. वाट गोल, म्हणजे चालणारा हरवत नाही. फाटक वेलीआड, म्हणजे ते दिसून जीव कासावीस होत नाही. झाडं ओळखीच्या वासाची — मोगरा, मरवा, कढीलिंब. नव्वदच्या दशकात गोविंदपुरम् रस्त्याला एका वृद्धाश्रमात अशी बाग केली, तेव्हा लोक विचारायचे, वाटेवर हिरवळ आणि वर मांडव, हे कसं सुचलं हो? मी म्हणायचो, अनुभव. केवढा सोज्वळ शब्द!

त्याआधी काही वर्षं, पहिली बाग मी आईसाठी केली होती. कुंभकोणमला, आमच्या घरामागे. घरात आम्ही तिघंच — आई, अक्का आणि मी. मद्रासची नोकरी सोडून आलो होतो, अंगात शहाणपण मावत नव्हतं. आई मला ओळखेनाशी झाली होती. बाजारात बोलायची ती तमीळ आधी गेली. आमची घरातली जुनी मराठी तेवढी उरली. त्या मराठीत ती मला दिवसभर विचारी, "तुम्ही कोण? जेवलांत कीं नाहीं?" परक्याला विचारावं तसं, आदरानं. तो आदर मला सोसत नव्हता.

म्हणून गोल वाट. मधोमध तुळस — तुळस दिसली की आई प्रदक्षिणा घालणार, आणि घातली हे विसरून पुन्हा घालणार. वाटेला काळा कडप्पा. अक्का म्हणाली होती, विटा घाल, वर सावली कर. पण काळ्या फरशीवर मोगरा काय खुलून दिसायचा! आई चपला घालूनच हिंडेल, मी अक्काला म्हणालो. आमच्या घरात तुळशीपाशी चपला घालून कोण जातं? हे मला ठाऊक नव्हतं का?

अग्निनक्षत्राचे, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक दिवस, ऐन दुपार. अक्का तिरुवलंचुळीच्या देवळात गेली होती. आईनं मला विचारून विचारून भंडावलं होतं. मागचं दार मी उघडलं. मीच — हे एवढं म्हणायलाही मला फार जड गेलं. तिनं पायरीशी चपला काढल्या, जोडीनं नीट ठेवल्या, आणि निघाली.

मी खिडकीत होतो. मला दिसत होतं. ती पाय उचलून उचलून टाकत होती — आणि थांबत नव्हती. सुरू केलेली प्रदक्षिणा ती अर्धी कशी सोडणार? आणि पुरी झाली, हे तिला कोण सांगणार? मी सांगू शकलो असतो. एक हाक मारली असती तर आली असती. पण घर शांत होतं. तुम्ही कोण, असं कुणी विचारत नव्हतं. मी पंख्याखाली जाऊन पडलो. डोळा लागला असंही म्हणवत नाही, जागा होतो.

तळव्यांची सालं निघाली. संध्याकाळी अक्का तिचे पाय मांडीवर घेऊन रडत बसली, तेव्हा मी सांगितलं की आई बागेच्या फाटकातून पळाली, भर रस्त्यातून धरून आणली. आईच्या समोर सांगितलं. ती मान डोलावत होती; पाहुणा बोलायला लागला की तिची तशीच रीत होती.

अक्का घाबरली. पुन्हा पळाली तर? तिनं मागच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला. खरं बोललो असतो तर दार उघडं राहिलं असतं, फक्त फरशी उखडावी लागली असती — माझी फरशी.

आई मरेपर्यंत त्या बागेत गेली नाही. पाय बरे झाल्यावर अक्कानं तिला घरात घालायला मऊ चपला आणल्या. रोज सकाळी ती त्या बंद दाराशी यायची, चपला काढून जोडीनं ठेवायची, आणि उभी राहायची. मी जवळ गेलो की वळून विचारायची, "जेवलांत कीं नाहीं?"

जेवलो, म्हणायचो मी. आणि खाली बसून त्या चपला पुन्हा तिच्या पायांत सरकवायचो.