हात सैल सोडा

भाचीच्या लग्नाचा चुडा भरायला कासारीण आली होती. तिने माझा पंजा दाबून दाबून मऊ केला, तरी बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली.

"काकू, हात सैल सोडा की!"

सकाळीच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या सैलावत नाहीत, बीपी चढतं. इतकी वर्षं ज्या पाळीच्या नावाने बोटं मोडली, तिच्यासोबतचं ते इस्ट्रोजेन मला आतून मऊ ठेवत होतं, आणि जाताना साधं सांगूनही गेलं नाही! मला स्वस्थ बसवेना. मनगटावरची निळी शीर मी सारखी चाचपत होते. शेजारी भाचीच्या हातात बांगड्या सरसर चढत होत्या.

"सोडा ना हात, काकू."

"सोडलाय गं," मी म्हणाले. खरंच सोडला होता.