'ला'चा 'ले'

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. एका अपॉस्ट्रॉफीपायी, म्हणजे त्या वर टांगलेल्या स्वल्पविरामापायी, मी स्वतःचं लग्न कसं टांगलं ते सांगतोय.

आमच्या नागपुरी बोलीला कॉम्प्युटरमध्ये कोणी विचारत नाही, या रागातून मी लिहिण्याचं सॉफ्टवेअर बनवलं. पुस्तकी मराठीत लिहा, बटण दाबा, शब्दाच्या शेवटच्या 'ला'चा 'ले' होणार. 'मला'चं 'मले', 'घराला'चं 'घराले'. क्रांतीच म्हणा ना!

मग 'कमला', 'उर्मिला' यांचं काय? नावाला दोन्ही बाजूंनी अपॉस्ट्रॉफी लावायची. इंग्रजी 'डोन्ट' निवडायला डबल क्लिक केलं की अपॉस्ट्रॉफीपुढचा 'टी' सुटायचा, म्हणून माझ्या लिहायच्या चौकटीत मी अपॉस्ट्रॉफीला अक्षरच मानलं होतं. त्यामुळे नाव 'ला'वर संपायचंच नाही. वाचलं! छापताना चिन्हं आपोआप गळायची.

जिच्याशी मला लग्न करायचंय त्या प्रणालीनं वापरून पाहिलं. म्हणाली, नावावर डबल क्लिक केलं की या शेपट्याही सोबत येतात. मला झोंबलं. तिथल्या तिथे दुरुस्ती केली: अपॉस्ट्रॉफी शब्दाच्या मधे असेल तरच अक्षर, कडेला असेल तर शब्दाबाहेर.

"दुसरं काही बिघडन तर नाही ना?" तिनं विचारलं.

"एका शेपटीनं काय बिघडते?"

आमच्या बोलीच्या मेळाव्याला पाहुण्या होत्या प्रणालीच्या आई, निर्मलाकाकू. त्याच सकाळी प्रणाली घरी आमचं सांगणार होती. मी बॅनरचा मजकूर लिहिला, 'निर्मला'ला नेहमीसारख्या दोन्ही शेपट्या लावल्या, बटण दाबलं आणि न वाचता छापायला पाठवला. क्रांतीच्या धामधुमीत वाचत कोण बसतं?

बॅनर चौकात लागला. वरच्या ओळीत एवढाल्या अक्षरांत 'निर्मले', खाली बारीक 'काकूंचं स्वागत'. कोणी गच्चीवरून खेकसून राहिलं, असं वाटत होतं.

काकूंनी बरोबर त्याच्यासमोर स्कूटी थांबवली. सगळा वाचला. मग मला बोलावलं. मी 'डोन्ट', अपॉस्ट्रॉफी, शेपट्या शब्दाबाहेर गेल्यानं नाव पुन्हा 'ला'वर कसं संपलं, सगळं घामाघूम होत समजावलं.

"मले 'निर्मले' म्हनाची हिंमत एकट्या माह्या सासूची होती," काकू शांतपणे म्हणाल्या. "ते गेली. अन् आता हा जावई आला."

जावई! माझ्या कानात सनई सुरू झाली. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"चुकलं बाप्पा. तुमच्या मशीनमधी 'आला' चालत नाही ना? जावई आले."

हा मान होता की टोमणा? काकूंना विचारायला मेसेज लिहून ठेवलाय. रोज उघडून वाचतो. पण पाठवायचं बटण दाबायची हिंमत होत नाही.